जुनी हिशेबाची फाइल उघडताना एक्सेल बंद पडतंय? आधी पेवाचं तोंड उघडा, मग आत उतरा

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांचा प्रिंटर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, अर्धी छापून थांबलाय. दुसरी, ज्यांच्या हातात पेनड्राइव्ह आहे आणि तोंड एवढंसं झालंय. परवा आलेला पोरगा दुसऱ्या प्रकारातला. एका अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली नुकताच लागलेला. मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्यातल्या फाइली यात आणल्या, आणि शेतकऱ्यांच्या उचलीची २००६ पासूनची फाइल काही केल्या उघडेना.

"दादा, उघडली म्हणेपर्यंत गायब हुतीया बघा."

"किती वेळा उघडून बघितलीस?"

"सकाळपासनं धा-बारा वेळा तरी."

"त्याच पेनड्राइव्हवरनं?"

"व्हय की."

हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या नव्याने कामाला लागलेल्यांसाठी आहे. एक्सेल येणं आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची फाइल सांभाळून उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

सांगलीशेजारच्या हरिपुरात जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवायची, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पेवाचं तोंड उघडलं म्हणून कुणी लगेच आत उडी मारत नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तरच उतरायचं. जुन्या फाइलीचंही असंच करायचं. आधी कंदील सोडायचा.

सगळ्यात आधी नक्कल

पेनड्राइव्हवरून फाइल थेट उघडू नका. ती डेस्कटॉपवर एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथे तिची अजून एक नक्कल काढा आणि नावापुढे १, २ असे आकडे घाला. पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवा. यापुढची सगळी खटपट नकलेवर. प्रोग्राम मधेच बंद पडत असताना चुकून सेव्ह झालं, तर अर्धवट लिहिलेली फाइल मूळ फाइलीच्या जागी बसते आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. कॉपी करतानाच 'फाइल वाचता येत नाही' असा निरोप आला, तर दोष एक्सेलचा नाही, पेनड्राइव्हचा किंवा जुन्या हार्डडिस्कचा आहे. तिथेच थांबा आणि जुना कॉम्प्युटर भंगारात गेला नसेल तर त्यातून पुन्हा कॉपी आणा.

आणखी एक. इंटरनेटवर 'फाइल दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या साइट ढीगभर आहेत. त्या फाइलीत शेतकऱ्यांची नावं, बँकेचे खाते नंबर, कुणाचे आधार नंबर असतात. असली फाइल अनोळखी साइटवर चढवायची नाही. मालक विचारतील तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचंय.

दोष कुणाचा?

हे ठरवायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. पोराने सकाळभर तीच फाइल त्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितली. त्यातून त्याला एवढंच कळलं की ती उघडत नाही.

एक्सेल नुसतं उघडा, कुठलीही फाइल न देता. कोरं पान आलं का? तेही न येता बंद पडलं, तर तुमच्या फाइलीचा यात काही संबंध नाही. कोरं पान आलं, तर त्याच काळातली दुसरी एखादी जुनी फाइल उघडून बघा. ती उघडली आणि ही नाही, म्हणजे दोष या फाइलीत. दोन्ही पडल्या, म्हणजे दोष या कॉम्प्युटरच्या मांडणीत. शेवटी हीच फाइल शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तिथे सुखाने उघडली, तर फाइल निर्दोष आहे. शेजारच्याला चहा पाजा आणि आपल्या कॉम्प्युटरकडे वळा.

ही फाइल खरंच तीच आहे का?

विंडोजमध्ये फाइलीच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं. फोल्डरच्या वरच्या पट्टीत व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करा. एक्सेल ९७ पासून २००३ पर्यंतच्या फाइलींना एक्सएलएस हे शेपूट असतं. २००७ पासून एक्सएलएसएक्स आलं. ही दोन नुसती नावं वेगळी नाहीत, आतली बांधणीच वेगळी आहे. जुनी म्हणजे एकसंध गाठोडं. नवी म्हणजे झिप केलेली पिशवी, तिच्यात प्रत्येक पानाचा वेगळा कागद. जुन्या पानावर ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने मावायचे, नव्यात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात.

घोळ असा होतो की कुणीतरी कधीतरी नुसतं शेपूट बदललेलं असतं. किंवा बँकेच्या, नाहीतर कुठल्या पोर्टलवरून उतरवलेली फाइल नावाला एक्सएलएस असते आणि आत असतं वेबपेज. ओळखायचं कसं? नकलेवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. नुसती बघायची, सेव्ह करायची नाही. पहिली दोन अक्षरं इंग्रजी पी आणि के असतील, तर ती नवी झिपवाली फाइल आहे. कोनी कंसात एचटीएमएल लिहिलेलं दिसलं, तर ते वेबपेज आहे. सुरुवातीलाच परग्रहावरची अक्षरं दिसली, तर बहुधा ती खरी जुनी फाइल. मग शेपूट त्याप्रमाणे दुरुस्त करा. फाइलीचा आकार शून्य केबी दिसला, तर मात्र आत काहीच नाही. दुसरीकडची कॉपी शोधायला लागा.

फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आली असेल, तर तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि खाली अनब्लॉक अशी चौकट दिसते का बघा. दिसली तर खूण करा. पाठवणारा कोण आहे हे ठाऊक असेल तरच.

बंद पडलंय की मोजतंय?

पांढरा पडलेला पडदा आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं की नवा माणूस लगेच खिडकी बंद करतो. जरा दम धरा. आधीच्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल नव्या एक्सेलमध्ये पहिल्यांदा उघडली की तिच्यातली सगळी सूत्रं पुन्हा मोजली जातात. हजारो ओळींत व्हीलुकअप भरलेलं असेल, तर दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. एक्सेलच्या पुढे सीपीयूचा आकडा हलत असेल, तर ते काम करतंय. हातातलं दुसरं काम उरका.

हे मोजणं टाळायचं असेल तर ही युक्ती करा. आधी कोरं एक्सेल उघडा. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथे जाऊन कॅल्क्युलेशन मॅन्युअल करा आणि त्याखालची 'सेव्ह करण्यापूर्वी पुन्हा मोजा' ही खूण काढून टाका. मग त्याच खिडकीतून फाइल, ओपन करून जुनी फाइल उघडा. मोजायचं की नाही हे पहिल्या उघडलेल्या फाइलीवरून ठरतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. फाइलीवर थेट डबल क्लिक केलं तर ही युक्ती फुकट गेली. काम झाल्यावर ऑटोमॅटिक परत लावायला विसरू नका, नाहीतर आठवडाभराने कुणीतरी बेरीज चुकते म्हणून ओरडत येईल.

कॉम्प्युटरच्या मांडणीतला दोष

कंट्रोल बटण दाबून धरा आणि एक्सेलच्या चिन्हावर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये सुरू करू का, असं ते विचारेल. हो म्हणा आणि आतून फाइल उघडा. उघडली, तर दोष एखाद्या ॲड-इनचा, म्हणजे एक्सेलला बाहेरून जोडलेल्या पुरवणीचा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जा, खाली मॅनेजच्या पुढे कॉम ॲड-इन्स निवडून गो दाबा आणि सगळ्या खुणा काढून टाका. मग एकेक परत लावत बघा, कुठली लावल्यावर बंद पडतं ते.

तरीही पडत असेल, तर प्रिंटर बघा. हसू नका. पान कसं छापायचं याची मापं एक्सेल ठरलेल्या प्रिंटरला विचारून घेतं. तो प्रिंटर मेलेला असेल, तर उत्तराची वाट बघत ते लटकतं किंवा कोलमडतं. मारुती चौकाजवळच्या एका ऑफिसात मी याच्यापायी दोन दिवस घालवले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचा नेटवर्कवरचा प्रिंटर पाण्यात गेला. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेला म्हणून वाचला. नंतर नवा प्रिंटर आला, पण त्या कॉम्प्युटरवर 'डिफॉल्ट' म्हणून तो बुडालेलाच नोंदलेला राहिला. कोरं एक्सेल चालायचं, नव्या फाइली चालायच्या. छपाईची मांडणी भरून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांच्या फाइली तेवढ्या पडायच्या. मी कॉम्प्युटरमधलं एमएस ऑफिस काढून परत टाकलं, विंडोज अपडेट केलं, काय काय केलं. शेवटी सहज प्रिंटरच्या यादीकडे लक्ष गेलं. म्हणून आता दोन मिनिटांचं हे काम मी आधी करतो: विंडोजच्या सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ हा प्रिंटर डिफॉल्ट करायचा आणि फाइल पुन्हा उघडून बघायची.

पडद्याच्या कार्डाचाही कधी त्रास असतो. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये डिस्प्लेखाली हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करायची खूण दिसली तर लावून बघा. आणि नेमकं कशामुळे पडलं हे विंडोज लिहून ठेवतं. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाइप केलं की दिवसवार तक्ता उघडतो, लाल फुलीवर टिचकी मारली की 'फॉल्टिंग मॉड्यूल'चं नाव दिसतं. त्यात प्रिंटरच्या किंवा एखाद्या ॲड-इनच्या कंपनीचं नाव ओळखीचं वाटलं, तर चोर सापडला.

दोष फाइलीतच असेल तर

फाइल, ओपन, ब्राउज करून फाइल फक्त निवडा, उघडू नका. खाली ओपन बटणाच्या कडेला बारीक बाण असतो. त्यात 'ओपन अँड रिपेअर' आहे. आधी रिपेअर निवडा. नाही जमलं तर पुन्हा तिथेच येऊन एक्स्ट्रॅक्ट डेटा निवडा. सूत्रं वाचवू की नुसते आकडे ठेवू, असं ते विचारेल. जुनी बंद झालेली खाती असतील तर मी आकडे घेतो. वीस वर्षांपूर्वीच्या सूत्राचं आज लोणचं घालायचंय का?

याने भागलं नाही, तर माझा हुकमी उपाय म्हणजे लिबरऑफिस. फुकट आहे, मराठीतूनही चालतं, आणि त्यातलं कॅल्क जुन्या फाइली वेगळ्या पद्धतीने वाचतं. एक्सेल ज्या मोडक्या तुकड्याला अडखळून पडतं, तो हे कधी कधी ओलांडून पुढे जातं. एक्सेलच्याही आधीच्या, लोटस वन-टू-थ्रीच्या फाइली कुणाच्या कपाटात निघाल्या, तर त्याही हे उघडतं. लिबरऑफिस फक्त त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. फाइल उघडली की लगेच सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स निवडा आणि वेगळं नाव द्या. ती नवी फाइल मग एक्सेलमध्ये उघडा. यात मॅक्रो, म्हणजे फाइलीत लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम, आणि काही नक्षीकाम मागे राहू शकतं, पण आकडे येतात. आले म्हणून विश्वास मात्र टाकायचा नाही. दोन-तीन खात्यांच्या बाकी वहीशी ताडून बघा, वर्षअखेरची बेरीज बघा, आणि ओळींची संख्या जुळते का ते बघा.

त्या पोराची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली. एकच पान, पण आकार ४० एमबीच्या वर. मी विचारलं, रोजचे भाव कुठून घेता? दिवाणजी बऱ्याच वर्षांपासून एका वेबसाइटवरून भाव कॉपी करून याच पानावर चिकटवत होते. वेबपेजवरून नुसतं पेस्ट केलं की आकड्यांबरोबर न दिसणाऱ्या चौकटी आणि चित्रं येतात. भाव पुसले तरी ती तिथेच राहतात, एकावर एक. जुना कॉम्प्युटर हळूहळू का होईना, तो भार ओढत होता. नव्याने पहिल्याच दिवशी अंग टाकलं.

उघडली की लगेच साफसफाई

एफ-५ दाबा, स्पेशल, ऑब्जेक्ट्स, ओके. पानावरच्या सगळ्या चौकटी एकदम निवडल्या जातात, मग डिलीट. सावकाश, कारण दुकानाचा लोगो, आलेख आणि बटणंही यात निवडली जातात. चौकटी हजारोंनी असतील तर हेच करताना एक्सेल परत पडेल. अशा वेळी कोरी फाइल घ्या, जुन्या पानातला फक्त कामाचा भाग कॉपी करा आणि पेस्ट स्पेशलमधून आधी फॉर्म्युलाज, मग फॉरमॅट्स असं चिकटवा. चौकटी मागेच राहतात. पोराच्या फाइलीला आम्ही हेच केलं.

मग कंट्रोल आणि एंड दाबा. ४०० ओळींचा हिशेब आणि कर्सर गेला ६५,५३६ व्या ओळीवर, असं झालं तर खालच्या रिकाम्या ओळींनाही कुणीतरी रंग-रेघा दिलेल्या आहेत. त्या ओळी निवडून राइट क्लिकमधलं डिलीट वापरा. कीबोर्डवरचं डिलीट फक्त मजकूर पुसतं, ओळ तशीच राहते. सेव्ह करून पुन्हा तपासा.

कंट्रोल आणि एफ-३ ने सेलना दिलेल्या नावांची यादी उघडते. तिच्यात हॅश आणि रेफ असं दाखवणारी मेलेली नावं असतील, ती काढा. डेटामध्ये एडिट लिंक्स दिसलं, तर ही फाइल दुसऱ्या फाइलींकडे बोट दाखवतेय. जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवरच्या त्या फाइली आता नाहीतच, म्हणून ब्रेक लिंक. त्या जागी आकडे राहतील. आणि 'सेलचे फॉरमॅट फार झाले' अशा अर्थाचा निरोप आला, तर जुन्या पद्धतीची मर्यादा ४,००० होती हे लक्षात ठेवा. नवीन पद्धतीत ती ६५,४९० आहे, त्यामुळे एक्सएलएसएक्स केल्यावर बहुतेकदा प्रश्न सुटतो. ज्या माणसाने प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा रंग दिला, त्याला मात्र दोन शब्द सांगा.

फाइलीत मॅक्रो असतील, तर एक्सएलएसएक्समध्ये ते टिकत नाहीत. एक्सएलएसएम निवडा. जुने मॅक्रो ३२ बिटच्या काळातले असतात. ऑफिस २०१९ पासून ऑफिस सहसा ६४ बिटचं बसतं, त्यामुळे काही जुने मॅक्रो चालताना चूक दाखवतात. ते दुरुस्त करणं प्रोग्रामिंग येणाऱ्याचं काम, तुम्ही हात घालू नका.

फाइल उघडली, पण मराठी गायब

ही तक्रार हमखास येते, आणि यात फाइल बिघडलेली नसते. २००० च्या आसपास आपल्याकडे मराठी टाइप व्हायचं ते शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये. फाइलीत खरी साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की 'पाटील'च्या जागी काहीतरी विचित्र दिसतं. त्या रकान्याचा फॉन्ट बदलून मंगल करू नका, त्याने काही होत नाही. उलट आधी कुठला फॉन्ट होता ते नाव पुसलं जातं. सेलवर टिचकी मारा, वर फॉन्टचं नाव लिहिलेलं दिसेल. ते टिपून घ्या, जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट आणून बसवा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलायचं काम नंतर सवडीने.

पोराच्या फाइलीतही नावांचा रकाना असाच कचरा दिसत होता. जुन्या कॉम्प्युटरमधून फॉन्ट आणून बसवला आणि एकेक नाव उमटलं. दिवाणजी स्वतः लाल चोपडी घेऊन आले, चष्मा वर केला, आणि कवठे एकंदच्या एका शेतकऱ्याची बाकी वाचली. पडद्यावर तोच आकडा होता.

पोरगा खुश. म्हणाला, "आता ती जुनी फाइल काढून टाकू का?"

दिवाणजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग पेनड्राइव्ह त्याच्या हातातून घेऊन तिजोरीत ठेवला.